कोपराला मानवेल असं गटिंग

दुपारी जेवून आडवी झाले की मुरुडच्या वाऱ्यात मला एक आवाज येतो. माडांच्या झावळ्या सळसळत असतात, आणि त्या सळसळीच्या आतून येतो तो, चेंडू रॅकेटच्या अगदी मधोमध बसल्याचा. डोळे मिटलेले, अंग झोपेत, हात मात्र चादरीखाली फोरहँड मारत असतो. त्या फोरहँडने ह्यांचा चष्मा एकदा खाटेखाली गेला.

गेल्या पावसाळ्यानंतर ह्याच हाताचं कोपर दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, टेनिस सोडा. मी म्हटलं, एकदा रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची विण, बदलून बघते, तरी दुखलं तर सोडते. शब्द तर देऊन बसले. संध्याकाळी लाल मातीच्या कोर्टावर ह्यांना पळवायचं, हेच गेलं तर दिवसात उरतं काय? आमटीची फोडणी.

नात मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून आली, ती पिशवीत तारांची भेंडोळी घेऊनच. ती कॉलेजात खेळते.

“ही पॉलिएस्टरची. कडक. तुझ्यासाठी नाही, आजी.”

“का? म्हातारी म्हणून?”

“हो. आणि तुझा फटका एवढा जोरात नसतो.”

“आजोबांना विचार.”

“मला मधे घेऊ नका,” हे पेपराआडून म्हणाले.

दुसरी तार जनावराच्या आतड्याची. कोपराला सगळ्यांत मवाळ, पण आमच्या दमट हवेत टिकायची नाही. तिसरी नायलॉनचे बारीक तंतू पिळून केलेली. बोटांत धरली तर धुतलेल्या केसांसारखी मऊ.

“हीच लावू. आणि ताण जरा सैल ठेवू,” नात म्हणाली.

सैल! हा शब्द ऐकताच माझ्या आतली एक जुनी बाई ताडकन उठून बसली. मीच ती, तळा गावाहून लग्न होऊन नुकतीच मुरुडला आलेली. ह्यांच्याकडून टेनिसचे चार धडे घेतलेली, आणि सगळं कळणारी. रॅकेटच्या तारा तुटल्या तेव्हा बाईसाहेबांनी शेजारच्या कोळीणकाकींकडून तंगूस आणला, गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा. काकी अंगणात जाळं सांधत बसल्या होत्या.

“गाठ घट्ट मार गो बाय, नायतर मासा पळंल.”

बाईंनी काकींचं ऐकलं आणि रॅकेटमध्ये तार तारेला जिथे जिथे भेटली तिथे तिथे गाठ मारली. तारांनी एकमेकींवरून जरा सरकायचं असतं, म्हणून तर चेंडू उसळतो, हे त्या विदुषीला कुठून ठाऊक! चेंडू तिच्या रॅकेटवर आदळायचा आणि बोंबलासारखा पायाशी पडायचा.

“मासा काही सुटला नाही हं,” हे पलीकडून म्हणाले होते.

तिने रॅकेटला नावं ठेवली असतील तर शपथ. चेंडूतच दम नाही म्हणाली, आणि ह्यांना नवे चेंडू आणायला लावले.

“सैल तर सैल,” मी नातीला म्हटलं. जुन्या बाईला दटावून खाली बसवलं.

नात रॅकेट घेऊन गेली आणि पुढच्या शनिवारी गटिंग करून परत आली. संध्याकाळी कोर्टावर ऊन तिरपं होतं, माडांच्या सावल्या नेटवरून पलीकडे गेलेल्या. ह्यांनी चेंडू टाकला. मी मारला. तो तारांमध्ये क्षणभर विसावला, आणि मग निघाला तो कुंपणावरून थेट वाडीत.

“आऊट!”

मी कळ यायची वाट पाहत उभी होते. मारल्या मारल्या यायची ती, रोज. आज वाऱ्याने पदर हलला, तेवढंच.

“दुखलं का गं?” हे नेटपाशी येऊन हळूच विचारत होते.

मी कोपर धरलं, ओठ चावला. ह्यांचा चेहरा असा उतरला, असा उतरला, की मलाच हसू फुटलं.

“चेंडू घेऊन या आधी,” मी म्हटलं. “उजेड आहे तोवर खेळू.”