पडकी कमान

लातुरात बसस्टँडमागं एक पेंटर बसतो. परदेशातल्या पडक्या देवळांची जुनी चित्रं मोबाइलवर बघून तो हातानं तशीच रंगवतो. बोलतो ते ब्रश दातात धरूनच, आणि गिऱ्हाईक काहीही म्हणालं तरी "हाव, हाव" करतो. त्या हाव-हावचा मला लई राग येतो. मी जन्मभर गवंडीकाम केलं, पण वाकडी भिंत बांध म्हणणाऱ्याचं कधी ऐकलं न्हाई.

परवा मी त्याच्या दुकानात बसलो होतो, तवा एक क्लासवाले सर त्यांनी सांगितलेलं पडक्या कमानीचं चित्र न्यायला आले. म्हणाले, "नव्या बंगल्यात पडकं कसं लावू? कमान पुरी करा, खांब उभे करा."

महिनाभर दुसरं काम न घेता पेंटरनं त्यातला एकेक तडा काढला होता. माझं डोस्कंच फिरलं. आता हा हाव म्हणणार!

त्यानं दातातला ब्रश काढला. "न्हाई, साहेब. बांधायचं काम माझं न्हाई. हे मिस्त्री बसलेत, ह्यांना सांगा."

सर खरंच माझ्याकडं वळले.

मी म्हणलं, "दुसऱ्याच्या बांधकामाला मी हात लावत न्हाई. ज्यानं बांधलं त्यालाच बोलवा."

सर तसेच गेले. चित्र अजून दुकानातच हाय. त्यात कुणी एक दगड जरी बसवायला सांगितला, तर गाठ माझ्याशी हाय.