महिपत सासूबाईचा बार

कल्याणच्या बाजारात, धान्याच्या गाळ्यांमागं, 'उषा परमिट रूम' अशी पाटी आहे. पण हमालापासून वकिलापर्यंत समदे त्याला सासूबाईचा बार म्हणतात. ही सासूबाई म्हणजे मुरबाडकडचा महिपत, चांगला दांडगा मिशाळ गडी.

बार काढला अण्णा शेट्टींनी. महिपत विशीत तिथं बशा विसळायला लागला, मग टेबलावर आला. तेव्हाच एका संध्याकाळी भटारखान्याच्या खिडकीत मागच्या चाळीतली केशरबाई येऊन उभी राहिली. तिचा नवरा दौलत आत तिसऱ्या पेगची वाट बघत बसलेला.

"आमच्या ह्यांना दोनच द्यायचे," ती म्हणाली. "तिसरा दिलास तर तुझ्या तव्यात शेण थापीन."

महिपतनं तिसरा दिला नाही. दौलतनं शिव्या घातल्या, ग्लास आपटला. अण्णा गल्ल्यावरून म्हणाले, "अरे, गिऱ्हाईक घालवतोस काय?"

"अण्णा, तव्यात शेण पडलं तर बोंबील कोण खाईल?"

दौलत दुसऱ्या दिवशी गपगुमान परत आला. तसे कुरकुरीत बोंबील बाजारात दुसरीकडं मिळत नव्हते. ही गोष्ट चाळीत पसरली आणि खिडकीत बायांची रीघ लागली. कुणाच्या नवऱ्याला दोन, कुणाच्याला एक, कुणाला शनिवारी नुसता सोडा. महिपतनं समदं टकुऱ्यात ठेवलं. गिऱ्हाइकं डिवचायची, "सासूबाई, आज हात जरा सैल सोडा की."

"घरून चिठ्ठी आण," महिपत म्हणायचा.

म्हातारपणी अण्णा गावी गेले, ते बार त्याच्याच हाती देऊन.

औंदा शेजारी टॉवर उभा राहिला. तिथल्या जागृतीताईंनी बार बंद करायचा अर्ज घातला. बाई खोटं बोलत नव्हती. टॉवरच्या गेटाशी रोज कुणीतरी लोळलेला असायचा. तो पिऊन यायचा भलतीकडून, पण दारूचा वास काही पत्ता सांगत नाही. सह्या पुरेशा झाल्या आणि मतदान लागलं, वॉर्डातल्या फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडवी जिंकली की बारला कायमचं टाळं.

महिपतला जेवण जाईना. बाया बाटलीच्या बाजूनं कशाला मत देतील? शेवटी न राहवून त्यानं चाळीत घरोघरी तळलेली सुरमई धाडली. केशरबाईनं ताट तसंच आणून त्याच्यापुढं आदळलं.

"लाच देतो का रं मेल्या? आणखी एक तुकडा वाटलास तर पहिलं मत मीच आडव्याला टाकीन. गप बस."

मतदानाच्या दिवशी सत्तरीची केशरबाई चाळीतल्या झाडून साऱ्या बाया घेऊन शाळेवर पोचली. रांगेत जागृतीताई पुढंच होत्या.

"मावशी, तुमच्या घरात दारूनं त्रास नाही का झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला ना, म्हणून तर आले. हा बार बंद झाला म्हणून आमचा म्हातारा पिणं सोडंल का? शीळफाट्यापर्यंत चालत जाईल, पण पिईल. तिथं माझं कोण ऐकणार? हितं मी दोन म्हटलं की दोनच मिळतात."

मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. जागृतीताई मत द्यायला आत गेल्या. त्यांनी मत आडव्यालाच दिलं असणार, बाई शब्दाची पक्की.

त्याच संध्याकाळी मोजणी झाली. आडवी एकशे नव्वद, उभी चारशे बारा.

हमालांनी महिपतला खांद्यावर घेतला. ताशा आला, गुलाल आला, गाळ्यांवरचे शेठलोक बाहेर येऊन टाळ्या पिटायला लागले. महिपत वरून रडत होता की हसत होता, मिशीमुळं कळेना. मिरवणूक बारपाशी आली तेव्हा कुठं कुणाच्या तरी ध्यानात आलं की मतदानामुळं आज ड्राय डे आहे.

मग काय, कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला उठवला. अख्खी गल्ली उसाच्या रसावर नाचली आणि पहिला ग्लास केशरबाईनं घेतला, बर्फ न घालता.