दारापाशी पोचले आणि बाबांनी हाक मारली

आज बाबांसोबत पिंपरीत डॉक्टरांकडे गेले होते. बाबा चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले फिटर. त्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलाय.

डॉक्टर म्हणाले, "पूर्ण बरा होणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल. हा कॅन्सर वाढवणारं पुरुषी हार्मोन थांबवायला कायम इंजेक्शनं घ्यायची किंवा एकदाच अंडकोष काढायचं ऑपरेशन. सोबत गोळ्या किंवा केमो."

बाबांची मान खाली गेली. "बाळा, तू जरा बाहेर थांब."

मी उठले. दारापाशी पोचले तोच ते म्हणाले, "नको, बस. लघवीचा त्रास दोन वर्षं लाजेनं लपवला, म्हणून तर इथवर आलं."

इंजेक्शनं आणि गोळ्या ठरल्या. रिक्षात बाबा माझा हात धरून बसले होते.

तुम्ही वडिलांना लघवीच्या त्रासाबद्दल कधी विचारलंय? मी नव्हतं विचारलं.