दादाच्या कार्डावर

दादाला जाऊन पाच आठवडे झाले. म्हणजे खरोखरचा गेला त्याला. विम्याच्या दवाखान्यातल्या रजिस्टरात तो दोन वर्षांपूर्वीच गेलेला होता, आणि हे आम्हाला सांगितलं तेव्हा तो माझ्या शेजारी पोट दाबून बाकावर बसला होता. खिडकीतल्या कारकुनाने कार्डावरचा नंबर पाहिला, जाडं रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "बाई, हा पेशंट मयत आहे." दादा उठला, खिडकीशी वाकला. "साहेब, मी मेलोय, तर पगारातून इमा कुनाचा कापता?" रांगेतली माणसं खो-खो हसली. मला हसू कुठलं यायला! तो कागदावर कसा मेला हे त्या रांगेत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं...

दत्तूदादा माझा थोरला भाऊ. राहनाळला आमची घरं एकमेकांना लागून. तो भिवंडीत कापड रंगवायच्या मोठ्या कारखान्यात कामाला होता, म्हणून त्याला विम्याचं कार्ड होतं. माझे यजमान लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कापड विणायला. एका पत्र्याखाली चाळीस लूम धडधडायचे, पण कागदावर मालक चार: शेट, शेटची बायको, भाऊ आणि मेव्हणा. असे तुकडे केले की कामगार कमी दिसतात, आणि कामगार कमी दिसले की विमा भरावा लागत नाही. हे मला फार उशिरा कळलं. मी सातवी शिकलेली, बालवाडीत पोरांकडून अक्षरं गिरवून घेते, म्हणून दोन्ही घरांत शहाणी मीच. कसली डोंबलाची शहाणी!

यांना कावीळ झाली. झाडपाला झाला, उतारा झाला, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. खाजगी डॉक्टरने एक चिठ्ठी हातात दिली. खाटेचे पैसे वेगळे, बाटलीचे वेगळे, रक्त तपासायचे वेगळे, डॉक्टर येऊन बघणार त्याचे वेगळे. मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. अक्षर न् अक्षर वाचता आलं, अर्थ काही लागला नाही. दादाने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आपलं कार्ड ठेवलं. "रेशनच्या कार्डावर सगला घर जेवतं ना? मंग माझ्या कार्डावर भावोजी का न्हाय?" मला ते पटलं. खोटेपणा करतोय असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. कार्ड घरचं, माणूस घरचा. शिवाय कार्डावर फोटो नव्हता.

दवाखान्यात नर्सने मला विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मी मान खाली घातली, पदर तोंडाशी नेला. नर्स हसली, "लाजते बघ!" आणि तिने कार्ड बघून स्वतःच लिहिलं: दत्तू. खाली माझं नाव, पत्नी म्हणून. सख्ख्या भावाची बायको झाले मी त्या कागदावर, आणि गप्प राहिले. गप्प राहायला आम्हाला लहानपणापासून शिकवलेलंच असतं.

नवव्या दिवशी हे गेले. मृत्यूचा कागद दत्तूच्या नावाने निघाला, स्मशानातही तोच दाखवला. दादाने स्वतःच्या नावाचा कागद खिशात ठेवून भावोजींना खांदा दिला. घरी आल्यावर म्हणाला, "सुमे, याचा कुनाकडं बोलू नको. माझी नोकरी जाईल, वर केस होईल." कारखान्यात कुणाला पत्ताच नव्हता, एका हापिसाचं दुसऱ्याला कळत नाही. दादा ड्युटीवर जात राहिला. फक्त दवाखान्याची पायरी चढायचा नाही. ताप आला तर काढा, पोट दुखलं तर सोडा. दर रविवारी सकाळी माझ्याकडे चहाला यायचा. यांच्या मृत्यूचा कागदच नव्हता, म्हणून रेशन कार्डावर यांचं नाव तसंच राहिलं होतं आणि यांच्या वाट्याची साखर येत होती. दादा उंबऱ्यावर बसून हाक मारायचा, "सुमे, भावोजींच्या साखरंचा चा टाक!" वहिनी त्याला रागवायची, "जिभेला काय हाड?" तो म्हणायचा, "मेलेल्याला मेलेल्याची साखर चालते गो." मग आम्ही तिघंही हसायचो. हसायचो, देवा...

या वर्षी त्याचं पोट सोड्यालाही दाद देईना. उलटीत रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, आतड्यात जखम आहे, ऑपरेशन लागेल, थांबू नका. पुन्हा तीच चिठ्ठी. आता तीत ऑपरेशनचे वेगळे, भूल देणाऱ्याचे वेगळे, आणि आधी अनामत. ठाण्याच्या सरकारी दवाखान्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. म्हणून त्या खिडकीशी गेलो होतो. लोकांचं हसणं थांबल्यावर कारकुनाने आवाज खाली आणला. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "कार्डावर दुसरं कुणी ॲडमिट झालं होतं ना? लिहून द्या. चौकशी होईल, पण हा माणूस जिवंत आहे एवढं तर नोंदवता येईल. बोला, मयत कोण?" मी तोंड उघडलं. दादाने माझा दंड धरला. "चल सुमे. नोकरी गेली तर पोरं काय खातील?" आणि मी चालू लागले. तो आजारी, त्याच्या हातात जोर तो काय! मला हात सोडवून घेता आला असता.

अकराव्या दिवशी तो घरीच गेला. सरकारी तारीख अजून दहा दिवस लांब होती.

मागच्या सोमवारी वहिनीला घेऊन त्याच खिडकीशी गेले. कारखान्याला दादाच्या मृत्यूचा दाखला हवा होता, आणि नगरपालिका म्हणत होती, या नावाचा दाखला आधीच निघालाय, एक माणूस दोनदा कसा मरेल? तोच कारकून होता. वहिनीच्या कपाळाकडे पाहून तो समजला. रजिस्टर उघडून त्याने हळूच विचारलं, "मग तेव्हा कोण वारलं होतं?" मी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि म्हणाले, "बाळाराम. माझा नवरा. त्याचं नाव बाळाराम." मोठ्याने म्हणाले. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. जन्मात दुसऱ्यांदा घेतलं ते नाव. आभाळ कोसळलं नाही. कारकुनाने लिहून घेतलं, मी सही केली. मिनिटभराचं काम.

चौकशी व्हायची ती होवो. केस झाली तर मला न्या. रेशन कार्डावरून यांचं नाव कमी होईल, साखरही कमी येईल. डब्यात अजून चार-पाच रविवार पुरेल इतकी आहे. काल वहिनी येऊन उंबऱ्यावर बसली, दादाच्याच जागी. मी आधण ठेवलं, डबा उघडला आणि चमचा हातात धरून तशीच उभी राहिले... एकच नाव होतं, दादा बाकावर बसला होता तेव्हा घ्यायचं.