पखवाजाची कणीक
बायकोने चपात्यांची कणीक मळायला घेतली की त्या ओल्या वासाने मला अजून लिस्बनचं हॉटेल आठवतं आणि डोकं फिरतं. गायकबुवांच्या साथीला मी पहिल्यांदाच परदेशी गेलो होतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, म्हणून गोव्यातल्या आमच्या साखळी गावच्या गिरणीतलं पीठ बॅगेतून नेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रियाजासाठी गोळा मळून बेसिनजवळ ठेवला आणि चहाला खाली गेलो. वर येतो तर साफसफाईवालीने तो कचऱ्यात टाकलेला, आणि दारात मॅनेजर उभा. मी खोलीत स्वयंपाक करतो म्हणून तो चढ्या आवाजात बोलत होता. शेजारच्या खोलीतून बुवा आले. मी म्हटलं, "बुवा, कणीक कशासाठी ते सांगा त्याला." बुवा मला कोकणीत गप्प करत म्हणाले, "ओगी राव, हांगा तमाशो नाका," आणि त्यांनी हात जोडून इंग्रजीत मॅनेजरला सांगितलं की माफ करा, हा खेडवळ माणूस, त्याला हॉटेलात राहायचं कळत नाही. तेवढं इंग्रजी मला येतं. संध्याकाळी स्टेजवर मी नवी कणीक थापत होतो, तेव्हा हेच बुवा माझ्याकडे हात करून माइकवर तिची थोरवी सांगत होते. आमच्या खेड्यापाड्यांनी जपलेली प्राचीन परंपरा म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी मान वर केली नाही. दौरा ठरला की बुवांचा फोन अजून येतो. मी सांगतो, बुवा, खेडवळ माणसाला हॉटेलात राहायचं कळत नाही.