तिसऱ्या अंकातलं अक्काचं वाक्य

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. गेल्या गणेशोत्सवात, रविवारी संध्याकाळी, मंडळाच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या मिनिटात. करणारे आम्ही, सभागृहात बसलेले सगळे. मोघम लिहायची मला सवय नाही. तळी वाचवा, फूटपाथ मोकळे करा, अशी पत्रकं लिहून हात तयार झालाय, आणि कोणाचं काय गेलं हे पत्रकात पहिल्या ओळीत यावं लागतं.

आत्याला सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही. आम्ही बंगळूरची जुनी मराठी माणसं. किती पिढ्यांपूर्वी आलो ते घरात कोणालाच नीट सांगता येत नाही, पण मंडळ दरवर्षी करतं ते विनोदी नाटक मात्र सगळ्यांना पाठ. दोन तरुण जोड्या, एका मुलाचे बिनलग्नाचे मामा, घरांची अदलाबदल, खोटी पत्रं. हा सगळा घोळ निस्तरते ती त्या घरातली थोरली बहीण. शेवटी दोन्ही लग्नं ठरतात आणि कोणीतरी म्हणतं, मग हिलाही मामांना देऊन टाकू. हशा. मंगलाष्टकं. सभागृहाच्या दारात प्रत्येकाला हळदीच्या अक्षतांची पुडी मिळालेली असते. ‘मामांना’ हा शब्द आला की सगळं सभागृह उभं राहून स्टेजवर अक्षता टाकतं. मग जेवण.

ती थोरली बहीण अक्का करते, मी लहान होते तेव्हापासून. शेवटच्या प्रवेशात तिला एकही वाक्य नाही. खाली मान घालून उभं राहायचं.

नाटक बसवणाऱ्या अण्णांशी मी या शेवटावरून दरवर्षी भांडायचे. ते म्हणायचे, लोक ट्रॅफिकमधून दमून येतात, त्यांना गोड शेवट हवा. मी म्हणायचे, कोणाला गोड? ते हसायचे आणि मला चहा द्यायचे. गेल्या वर्षी मात्र अक्का स्वतःच बोलली. तिला एक वाक्य हवं होतं. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला.

“सरी, बरं अक्का. पण छोटं.”

“छोटंच आहे,” अक्का म्हणाली. “थांबा, मला अजून कोणी विचारलेलं नाही.”

त्यावर मामांनी तिला विचारायचं आणि तिनं मान हलवायची, असं ठरलं. उभी की आडवी, ते तिचं तिनं ठरवायचं. तालमीत ती त्या जागी नुसती थांबायची. मी खोदून विचारलं, तरी सांगितलं नाही.

बोम्मसंद्र्याला कारखान्यात ती सुटे भाग तपासते. सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते वाक्य पुटपुटायची. शेजारची बाई विचारायची म्हणे, अक्का, कोणत्या देवाचा जप? घरी गॅलरीत कपडे वाळत घालताना हातात ओला पदर तसाच राहायचा, ओठ हलायचे, आणि खालची इंदिरानगरची हॉर्नची गर्दी कुठल्या तरी लांबच्या गावातून आल्यासारखी वाटायची.

ते मिनिट मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. पिवळा उजेड. मामांचं काम करणारे काका फेटा सावरतायत. तो शब्द आला, आणि अक्कानं मान वर केली. इतक्या वर्षांत त्या प्रवेशात तिचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते. तिचे ओठ उघडले आणि हवेत सगळीकडे अक्षता होत्या. फेब्रुवारीत आमच्या रस्त्यावर पिवळी फुलं गळतात, तशा सावकाश, घाई नसल्यासारख्या, तिच्या केसांवर, खांद्यांवर. कोणी वाईट मनानं टाकल्या नाहीत. हातांना सवय होती. पेटीवाल्यानं सूर धरला, पडदा सरकला, मागून सांबाराचा वास आला. शेजारच्या आजी डोळे पुसत म्हणाल्या, दरवर्षी कसं भरून येतं.

रिक्षात अक्का केसांतले दाणे एकेक काढून बाहेर टाकत होती. अण्णांना मी काय काय सुनावणार आहे ते मी तिला सांगत होते, हातवारे करून. तिनं माझा हात धरला आणि दिव्याखाली उलटा केला. तळवा हळदीनं पिवळा होता.

“तूही टाकल्यास?”

मी मूठ मिटली. वाक्य बोललीस का, एवढंच विचारलं.

“बोलले की,” ती म्हणाली. “पूर्ण बोलले.”

मान कशी हलवणार होतीस, हे विचारायचं तोंड मला उरलं नव्हतं.

यंदा ती पुन्हा उभी राहतेय. शेवटचं, असं म्हणाली आहे. नाटक तेच, अण्णा तेच, ते एक वाक्यही आहे. शेवट समाधानाचा आहे की नाही, यावर मी आता कोणाशी वाद घालणार नाही; तो शेवट आपण अजून पाहिलेलाच नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. दारात पुडी देतील, ती घ्या. ‘मामांना’ ऐकलंत की खुशाल हसा. पण अक्काची मान हलेपर्यंत बसून राहा आणि मूठ उघडू नका.