बाबांचं नाव पोलिसांच्या बुकात

माझे वडील नारळ पाडायचे. आमच्या खाडीकाठच्या गावात ज्याला स्वतःला माडावर चढता येत नाही तो दुसऱ्याला बोलावतो, आणि बाबांइतका हलक्या पायाचा माणूस आजूबाजूच्या वाड्यांत दुसरा नव्हता. चढण्याआधी खालून आरोळी द्यायची रीत होती, "माडार चडतंय गोऽ!" न्हाणीला तेव्हा छप्पर नसे, नुसता झावळ्यांचा आडोसा असे, म्हणून बायामाणसांनी आवरून घ्यावं यासाठी ही आरोळी. लहानपणी ती ऐकली की मला फार मोठं वाटायचं. बायकांची लाज राखणारा माणूस आपला बाप आहे, असं काहीतरी.

त्याच माणसाने एका दुपारी काजूच्या बागेत पाला गोळा करायला आलेल्या मुलीचा हात धरला. 'हात धरला' हे आमच्या गावचं बोलणं. कोर्टात याहून जास्त सांगितलं गेलं, आणि ते खरं होतं, कारण बाबांनी ते नाकारलं नाही. मुलगी लग्नाच्या वयाची होती, माझ्याहून थोडी मोठी. आम्ही एकाच विहिरीवर पाणी भरायचो. बाकीचं मी लिहिणार नाही. ते तिचं आहे, माझं नाही.

बाबा रत्नागिरीला तुरुंगात गेले आणि शिक्षा भोगून परत आले. आईने त्यांना खळ्यातच, दारापुढच्या अंगणात, उभं करून डोक्यावरून पाणी ओतलं, मग घरात घेतलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलेच नाही. त्यांना नारळ पाडायला आता कोण बोलावणार? आरोळी देणाऱ्यावर विश्वास असेल तर आरोळीला अर्थ. ते घरामागच्या आमच्याच परड्यात खपू लागले, कुणाच्या जाळ्याला गाठी मारून देऊ लागले. दुसऱ्याच्या परड्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलेलं मला आठवत नाही.

आल्यावर लगेच पोलीस पाटील घरी आले. आमच्याकडे पाटीलकी वंशपरंपरेने चालायची, आणि हे पाटील नात्याने माझ्या आईचे दीर लागत. ते म्हणाले, बाबांचं नाव ठाण्यातल्या बुकात गेलं आहे. ज्यांच्यावर नजर ठेवायची अशा माणसांचं ते बुक. आठवड्याच्या बाजारादिवशी पाटलांकडे येऊन तोंड दाखवायचं, आणि गाव सोडून वस्तीला जायचं तर आधी सांगायचं. मधूनच मालवणहून शिपाई येई आणि आमच्या खळ्यात उभा राहून बाबांना एकेरी हाक मारी. त्याचा आवाज शेजारच्या तिन्ही घरांत जायचा. मी त्या वेळी काहीही करत असले तरी हातातलं टाकून मागच्या दाराने विहिरीकडे जायची. बाबांनी केलं त्याची लाज होतीच, पण खरं सांगायचं तर त्या वयात मला त्या हाकेची लाज जास्त वाटे. कुणीतरी ती ऐकत असेल, याची.

आई माझी हार मानणारी नव्हती. तिने गावकऱ्यांना गाठलं, त्यांचे पाय धरले आणि गावाने देवळात बाबांच्या नावाने गाऱ्हाणं घालायचं कबूल केलं. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाला केलेली विनवणी. एक जण म्हणतो आणि बाकीचे होकार भरतात. बाबांनी देवापुढे नारळ ठेवला. खाली मान घालून उभे राहिले. मानकऱ्याने सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान वाकडा पाऊल टाकल्यान, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला. पोलीस पाटील पुढच्याच रांगेत होते, आणि त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

ती मुलगी तेव्हा देवळात नव्हती. तिचे वडील होते, पण ते काही म्हणाले का ते माझ्यापर्यंत ऐकू आलं नाही.

आई घरी आली ती हसत आली. पाटलांनी देवापुढे होकार भरला म्हणजे बुकातलं नाव गेलं, असा तिचा सरळ हिशेब. आम्हा सगळ्यांचाच होता. आज कुणी हसेल, पण गावात जन्म काढलेल्या माणसाला देवाच्या वरचं ठाणं कुठलं माहीत असणार? बाबांनी बाजारादिवशी तोंड दाखवायला जाणं सोडलं. पाटीलही काही बोलले नाहीत. भाऊबंदकीत कोण बोलतो?

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मला मसुऱ्याचं स्थळ आलं. चांगलं घर, मुलगा पोस्टात. सुपारी फोडायला बाबा आणि आई तिकडे गेले, रात्रीचा मुक्काम करून येणार होते. मुलीला अशा वेळी नेत नाहीत, म्हणून पुढचं मी आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. पानसुपारीचं तबक पुढे आलं, आणि ओटीवर ठाण्याचा शिपाई उभा राहिला. तो आमच्या घरी येऊन गेला होता, आणि शेजाऱ्यांनी त्याला वाट दाखवली होती.

"कुणाला विचारून गाव सोडलंस?" त्याने विचारलं. तो घाटावरचा होता, स्पष्ट बोलायचा.

बाबा उठले आणि त्याच्याबरोबर चालू लागले. आई मात्र मागे राहिली आणि त्या परक्या ओटीवर तिने जे काही घडलं होतं ते सगळं माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगून टाकलं. लपवायचं म्हटलं तरी आता काय उरलं होतं? सासरे ऐकून घेऊन म्हणाले, "तुमच्या चेडवाक आमी नाय म्हणनव नाय. पण हो पोलीस आमच्या मांडवात येता नये. ता काय ता निस्तरा, मगे बोलूया." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी.

आई परतली ती थेट पाटलांच्या घरी गेली, मला हाताला धरून. "देवान सोडल्यान, मगे तुमका काय व्हया?"

पाटील बिचारे ओशाळले. "वयनी, देवाचा वेगळा आणि सरकारचा वेगळा. मी देवाफुडे व्हय म्हाराजा म्हटलंय, ठाण्यात नाय."

म्हणजे माझं लग्न त्या एका ओळीवर अडलं होतं, कुठल्यातरी बुकातल्या, जी आम्ही कुणी पाहिलीही नव्हती. बाबांना ठाण्यात दिवसभर बसवून संध्याकाळी सोडलं, आणि बाजारादिवशी पाटलांकडे तोंड दाखवणं पुन्हा सुरू झालं. ते घरी येऊन जेवले आणि मी ताट उचलायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्हीचीही लाज वाटली.

पुढच्या बाजारादिवशी आम्ही दोघी मालवणला वकिलाकडे गेलो. म्हातारा, दम्याचा माणूस, पण आईशी नीट बोलला. तो म्हणाला, "बाई, शिक्षा भोगून झाली. पोलीस नजर ठेवतील, त्यांना ठेवू दे. पण लेखी हुकूम नसताना मुलीच्या सोयरिकीला जाऊ नको असं सांगायचा अधिकार कुणाला नाही. तुमच्या नवऱ्यालाही हक्क आहेत. वरिष्ठांकडे अर्ज करा, नाव कमी करून मागा. वागणूक चांगली आहे, गाव सांगेल, नाव निघेल."

आईचा चेहरा उजळला. 'हक्क' हा शब्द आमच्या घराच्या बाबतीत कुणी वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मलाही तो आवडला, खोटं कशाला बोलू?

मग वकील म्हणाला, "चौकशी मात्र होईल. गावात पंच बसतील, जबाब घेतील. त्या मुलीकडच्यांनाही विचारतील. त्यांची हरकत नसेल तर काम सोपं. आधी त्यांना भेटून घ्या."

ती मुलगी तोवर लग्न होऊन आंबोलीकडे गेली होती, घाटावर, जिथून आमच्या गावात कधी कुणी सून आणली नव्हती की जिथे मुलगी दिली नव्हती. तिचे आईवडील वाडीच्या टोकाला राहायचे. आम्ही गेलो तेव्हा तिची आई ओटीवर आमसुलांसाठी रातांबे फोडत बसली होती, मे महिना होता. आम्हाला पाहून ती उठली नाही. पण बसा म्हणाली. आई बसली, मी खांबाला टेकून उभी राहिले.

आईने सगळं सांगितलं. माझं लग्न, मसुरे, शिपाई, वकील. नवऱ्याची बाजू घेतली नाही, हे तिचं खरं. "माज्या चेडवासाठी इलंय," एवढंच म्हणाली.

ती बाई रातांबे फोडत राहिली. मग बोलली.

"घाटार दिलंय माज्या चेडवाक, इतक्या लांब. हंयसर तिका कोण करून घेणार होतो? थंय कोणाक कायेक म्हायत नाय. आता पंच बसतले, तिचा नाव परत चार माणसांत निघतला. येष्टी रोज जाता गो घाटार. बातमेक चढाक कितीसो वेळ?"

तिने पुढचा रातांबा फोडला.

"तुज्या घोवाचा नाव एका बुकात आसा. माज्या चेडवाचा खंयच लिवलेला नाय, तरी सगळ्यांका पाठ आसा. तुका ता नाव काढूक व्हया. माका ह्यां काढून दी, मगे कर अर्ज."

वकिलाकडून येताना मी मनातल्या मनात मांडव घातला होता, कुठली चोळी नेसायच्या लुगड्यावर शोभेल तेही ठरवलं होतं, आणि ज्या मुलीबरोबर मी पाणी भरलं तिची आठवण मला एकदाही झाली नव्हती. ती आठवण तिच्या आईने करून द्यावी लागली. इतकी लाज मला त्या शिपायाच्या हाकेचीही कधी वाटली नव्हती.

आम्ही निघालो तेव्हा ती बाई उठली, हात धुतले आणि आतून कुंकवाची कोयरी घेऊन आली. "लगीन ठरलेल्या चेडवाक तशीच धाडूची नसता," म्हणाली आणि माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं. मला तिच्या पाया पडायचं होतं, पण वाकायला जमेना. आईने माझ्या पाठीवर हात ठेवून मला वाकवलं.

घरी आल्यावर आईने बाबांना सांगितलं, शब्द न शब्द. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "अर्ज नको. ऱ्हवांदे नाव थंयच." हे त्यांनी त्या मुलीसाठी म्हटलं, की पुन्हा पंचांपुढे उभं राहायच्या भीतीने म्हटलं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलं नाही. आमच्या घरात ती गोष्ट काजूच्या बागेपासून पुढे कधी कुणी विचारलीच नाही.

लग्न झालं. मसुऱ्यालाच झालं, आणि तोड अशी निघाली की मुलीचा बाप आजारी आहे असं सांगायचं. मुंबईहून काका आले, त्यांनी कन्यादान केलं. वकिलाच्या म्हणण्याप्रमाणे बाबांना यायचा पुरता हक्क होता. ते घरीच राहिले. निघताना मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी हात डोक्यावर न ठेवता नुसता वर धरला.

पुढे राज्य बदललं, जुन्या पाटीलक्या गेल्या, गावात नवा पोलीस पाटील आला. ठाण्याच्या नव्या बुकात असली जुनी नावं उतरलीच नाहीत की कुणी उतरवली नाहीत, कोण जाणे. कुणी अर्ज केला नाही, कुणी पंच बसले नाहीत. एके दिवशी त्याने बाबांना रस्त्यातच सांगितलं, आता यायची गरज नाही. आईने तेव्हा पुन्हा देवळात नारळ दिला.

आणि बाबा माझ्या घरी आले. लग्नानंतर पहिल्यांदा. नवं धोतर, खांद्यावर सोललेल्या नारळांची पिशवी. उन्हाने लाल झालेले, पण कधी नव्हे ते हसत होते. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. आजोबा कोण ते तिला काय ठाऊक, पण नवा माणूस दिसला की ती धावायची. ती खळ्यातून त्यांच्याकडे निघाली आणि बाबांनी पिशवी खाली ठेवून दोन्ही हात पुढे केले.

मी धावत जाऊन तिला उचललं. काही ठरवून नाही. तिच्या पायात काटा जाईल म्हणून, असं काहीतरी बोललेही. खळं त्याच सकाळी शेणाने सारवलेलं होतं.

बाबांनी हात मागे घेतले. त्यांना समजलं. मी त्यांना पाणी दिलं, गूळ दिला, आईची चौकशी केली. ते खळ्यातल्या दगडावर बसून होते. माझे यजमान पोस्टातून परत आले, त्यांनी हात धरून आत नेलं, तेव्हा ते आत आले.

त्यानंतर ते वर्षातून एकदोनदा येत, मरेपर्यंत. प्रत्येक वेळी यजमान घरी येईपर्यंत त्या दगडावर बसायचे, उन्हात किंवा पावसात छत्री उघडून. मुलगी जवळ गेली तर तिच्याशी बोलायचे, हात मांडीखाली ठेवून. मी चूक केली असं मला वाटत नाही. आजही तिला उचलीनच. पण पावसात छत्रीखाली बसलेला माझा म्हातारा बाप मला माजघराच्या खिडकीतून दिसायचा, आणि मी त्याला कधी आत या म्हटलं नाही.